समुद्रावर हरवलेला बुधवार

व्यापारी माणसाला रिकामा दिवस सोसत नाही. सकाळी पेढीचे कुलूप निघाल्यापासून रात्री रोजमेळाची शिल्लक मिळेपर्यंत त्याचा वेळ गिऱ्हाईक, दलाल आणि उधारी यांत वाटलेला असतो. वेळ कसा घालवावा हा प्रश्न त्याच्यापुढे सहसा उभाच राहत नाही. आमच्यापुढे तो वयाच्या ६८ व्या वर्षी प्रथम उभा राहिला, आणि तोही पॅसिफिक महासागराच्या मध्यावर!

सन २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस आम्ही उभयता सॅन फ्रान्सिस्को बंदरात सिडनीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीत चढलो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कन्या-जामातांनी हा प्रवास आम्हांस घडविला. बेळगावच्या रविवार पेठेतील किराणा-भुसाराची पेढी चिरंजीवांवर सोपवून इतके दिवस दूर राहण्याचा आमच्या आयुष्यातील हा पहिलाच प्रसंग. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी घरी परतायचे, ही आमची अट. पेढीला फोन करायचा तो बंदरातून, बोटीवरून नाही, ही सौभाग्यवतींची अट. दोन्ही मान्य झाल्या.

सॅन फ्रान्सिस्कोपासून होनोलुलू सुमारे २,१०० सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. ताशी वीस मैलांच्या आसपास धावणाऱ्या बोटीस एवढे अंतर कापण्यास चार दिवसांहून अधिक काळ लागतो. या चार दिवसांत ना बेट दिसले, ना दुसरे जहाज. पहिल्या दिवशी आम्ही अगदी कासावीस झालो. शेवटी बोटीच्या कोठीवरील माणसाकडे जाऊन, रोज तांदूळ किती लागतो याची चौकशी करून आलो. भाव विचारावयाचा तेवढा राहिला!

सौभाग्यवती मात्र स्वस्थ होत्या. रिकाम्या दिवसाला आपणच शिस्त लावावी लागते, हे त्या घरच्या कारभारातून केव्हाच शिकल्या होत्या. पहाटे सामायिक, मग डेकवर फेऱ्या, दुपारी वाचनालय, असा क्रम त्यांनी ठरविला आणि आम्ही तो पाळला. उद्याच्या कार्यक्रमांचा एक छापील कागद रोज संध्याकाळी खोलीत येई. व्याख्याने, वाद्यवादन, पत्त्यांचे डाव असे सारे त्यात असे. इतर प्रवासी त्यात करमणूक शोधीत. आम्ही आधी सूर्यास्ताची वेळ पाहत असू, कारण भोजन त्यापूर्वी आटोपणे आवश्यक. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याचे पहिल्याच दिवशी स्वयंपाक्यास समजावून दिले होते आणि त्याने ते शेवटपर्यंत कटाक्षाने सांभाळले.

बोट पश्चिमेस जात असल्यामुळे होनोलुलूपर्यंत तीन रात्री घड्याळे एकेक तास मागे घ्यावी लागली. म्हणजे तीन दिवस पंचवीस तासांचे झाले! रोज दुपारी बारा वाजता कप्तान अक्षांश, रेखांश व कापलेले मैल जाहीर करी. ते आम्ही एका वहीत टिपू लागलो. गेले मैल जमेस, उरलेले बाकी. सवय अशी सहज सुटत नाही.

दिवाणखान्यात एका मेजावर हजार तुकड्यांचे चित्र जुळविण्याचा खेळ मांडलेला असे. येणारा-जाणारा एखादा तुकडा बसवून पुढे जाई. तिसऱ्या दिवशी ते चित्र पूर्ण झालेले दिसले. कोणी पूर्ण केले, हे कोणासच ठाऊक नव्हते.

होनोलुलूस दोन दिवस मुक्काम करून निघालो, तो पुन्हा पाच दिवस पाणीच पाणी. ध्रुवतारा रात्रीगणिक खाली उतरत गेला व विषुववृत्तावर दिसेनासा झाला. मंगळवार, ८ ऑक्टोबर रोजी अमेरिकन सामोआतील पागो पागो बंदर लागले. तेथून त्याच संध्याकाळी निघून एका रात्रीत शेजारच्या सामोआ देशातील आपिया बंदरात पोहोचलो, तो गुरुवार उजाडलेला! मध्ये दिनांकरेषा ओलांडल्यामुळे बुधवार आमच्या वाट्यास आलाच नाही.

या रेषेचा व्यापाराशी निकट संबंध आहे. अमेरिकेशी व्यवहार सोयीचे व्हावेत म्हणून सामोआने १८९२ मध्ये ४ जुलै ही तारीख दोनदा पाळली. पुढे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडशी व्यापार वाढला. सामोआत शुक्रवार असता तिकडे शनिवारची सुट्टी, आणि तिकडे सोमवारचा बाजार भरला असता इकडे रविवार. आठवड्यातील दोन दिवस वाया जात. म्हणून २०११ मध्ये त्या देशाने ३० डिसेंबर हा दिवसच पंचांगातून वगळला. नसलेल्या त्या शुक्रवारचा पगार मात्र नोकरांना देण्यात आला. मॅगेलनच्या मोहिमेतील उरलेले खलाशी १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून केप व्हर्दे बेटांवर आले, तेव्हा त्यांच्या हिशेबी बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार! एक दिवस कोठे चुकला हे त्यांना उमगेना.

आम्ही आमच्या वहीत ९ ऑक्टोबरपुढे आडवी रेघ मारली. व्याजाच्या आकारणीत हा दिवस धरावा की नाही, यावर रात्री उभयतांत थोडा वादही झाला.

घरी परतल्यावर प्रथम पेढीचा रोजमेळ उघडला. संगणक आला तरी हाती लिहिलेला रोजमेळ आमच्याकडे चालू आहे. ९ ऑक्टोबर, बुधवार. दसरा तीन दिवसांवर आलेला. पान चिरंजीवांच्या अक्षराने भरलेले. चणाडाळीच्या दोन गाड्या उतरल्या होत्या. ज्या दुकानदाराची उधारी आम्ही बंद केली होती, त्यालाही माल दिला होता. आमच्या कपाळावर आठी उमटली. पाने उलटली, तो आठव्या दिवशी पूर्ण रक्कम जमा! बुधवारची शिल्लकही पैशापर्यंत मिळत होती.

जो दिवस आमच्या आयुष्यात उगवलाच नाही, त्या दिवशी पेढी उत्तम चालली होती. पन्नास वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसास हे पचविणे सोपे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यंदाच्या वहीपूजनास नव्या वहीवर ‘श्री’ लिहिण्यासाठी लेखणी चिरंजीवांच्या हाती दिली आणि आम्ही शेजारी बसलो.

आमच्या समवयस्क व्यापारी बंधूंस सागरप्रवास घडेलच असे नाही. परंतु वर्षातून एखादा बुधवार आपल्या वहीत कोरा सोडून पाहण्यास काही हरकत नसावी.