एका एकवीस-अंकी संख्येचे अवयव

बुद्धिबळाच्या पटाची कथा आपणांपैकी बहुतेकांनी ऐकली असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि चौसष्टाव्या घरापर्यंत राजाची कोठारे रिती! त्या पटाला आणखी तीन घरे जोडली, तर एकूण दाणे होतील १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजेच दोनाचा सदुसष्टावा घात उणे एक. आज बोलावयाचे आहे ते या संख्येविषयी.

फ्रान्समधील मेर्सेन नावाच्या विद्वान धर्मगुरूंनी १६४४ साली ही संख्या मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांवाचून तिला कोणी निःशेष भागीत नाही, असे लिहून ठेवले. आता, घातांक मूळ असला म्हणजे अशी संख्या मूळ असतेच असे नाही. दोनाचा अकरावा घात उणे एक म्हणजे २०४७, आणि ती तर २३ व ८९ यांचा गुणाकार. मेर्सेन यांनी सिद्धता दिली नव्हती. तरी त्यांचे म्हणणे दोनशे वर्षांहून अधिक काळ कोणी खोडून काढले नाही.

१८७६ साली ल्यूका यांनी ती मूळ नाही असे दाखविले. नवल असे की, तिचे अवयव त्यांनाही ठाऊक नव्हते! हे कसे शक्य आहे, असे कोणी विचारील. ही रीत, लेमर यांनी १९३० साली दिलेल्या सुटसुटीत रूपात, अशी: चारापासून आरंभ करावा, वर्ग करून दोन वजा करावेत, दिलेल्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी, व पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या फेऱ्यांनंतर बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. ३१ हा दोनाचा पाचवा घात उणे एक, म्हणून तेथे तीन फेऱ्या: १४, मग १९४, बाकी ८, मग ६२, बाकी शून्य. सदुसष्टाला पासष्ट फेऱ्या लागतात, आणि अखेर शून्य येत नाही. चोरी झाली हे नक्की, चोर मात्र बेपत्ता!

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत कोल यांनी तो पकडून दिला. सांगतात की, त्यांनी फळ्यावर एका बाजूस घात मांडला, दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणिले, आणि उत्तरे जुळताच एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले. तीन वर्षांचे रविवार या कामी गेले, असे त्यांनी सांगितल्याचे बेल यांनी नोंदविले आहे.

कोल काही आंधळेपणाने भागीत बसले नव्हते. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पटीहून एकाने अधिक असलाच पाहिजे, शिवाय त्याला आठाने भागिले असता बाकी एक किंवा सातच उरली पाहिजे, हे आधीच ज्ञात होते. तरीही धाकटा अवयव दडला होता तो १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीपलीकडे! गुणाकार शाळकरी मुलगाही करील. उलट वाट मात्र अशी लांबची. आजचा संगणक ही संख्या क्षणात फोडतो खरा, पण शेकडो अंकी मूळ संख्यांच्या गुणाकारापुढे तोही थबकतो, आणि गुप्त संदेशांची कित्येक कुलुपे याच अडचणीच्या भरवशावर घातलेली आहेत.

ज्यांना शंका असेल त्यांनी घरी नवाचा ताळा पाहावा. दोन अवयवांच्या अंकांच्या बेरजा ३७ आणि ६४, गुणाकाराच्या अंकांची १०९; नऊ टाकीत गेले की तिन्ही एकावर येतात. अर्थात ताळा जुळला म्हणजे गुणाकार बरोबरच, असे नव्हे. त्यासाठी पाटी घेऊन बसावे लागेल.