वजन पन्नासच्या आत, तरी पोटावर चरबी

वस्तीतल्या साखर तपासणीच्या शिबिराला एक ताई आल्या होत्या. वजन 48 किलो, हातपाय काडीसारखे. हसून म्हणाल्या, "मला कशाला तपासता? मी कुठं जाडी आहे?" रक्तातली साखर वाढलेली निघाली. मग शेजारच्या घरातून शिलाईची टेप आणून कंबर मोजली, तर 84 सेंटिमीटर. साडीच्या निऱ्यांआड पोट दिसत नव्हतं, इतकंच.

असे अंगाने बारीक आणि पोटात चरबी असलेले लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं याचाच अभ्यास केला. 2004 साली त्यांनी आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विश्वास ठेवू नका. भारतीय बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची 90 च्या आत असावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता टेप लावायची. पोट आत ओढून कुणाला फसवणार?

ही चरबी यकृताभोवती, आतड्यांभोवती साठते आणि साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं काम बिघडवते. ती साठते कशाने? मटण रोज कुणाच्या घरी शिजतं? आपल्या ताटातली खरी अडचण भाताच्या ढिगाची आहे. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ महाग. मग भात भरपूर आणि वरण पाण्यासारखं. त्यात चहा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे 50 ग्रॅम, सुमारे 200 कॅलरी. पोराच्या हातात कुरकुऱ्याचं पाकीट, संध्याकाळी वडापाव.

भात सोडा असं मी म्हणणार नाही. त्यातला एक वाढा कमी करून जागी चवळी, मटकीची उसळ, उकडलेलं अंडं, सुकट किंवा बोंबील घ्या. सुकट खारट असते, तेव्हा आधी धुवा आणि वरून मीठ टाकू नका. चहाची साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी केली तर जीभ कुरकुरत नाही. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. उपाशी राहून बारीक होण्याच्या नादी मात्र लागू नका. त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. गरोदर बाईने तर मुळीच नाही.

"दिवसभर धुणीभांडी करते, आणखी व्यायाम कसला?" हा प्रश्न बायका विचारतात आणि तो रास्त आहे. पण ओट्याशी उभं राहून कंबर मोडते, दम लागत नाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस चाला. एकदम जमत नसेल तर जेवल्यावर दहा-दहा मिनिटं चाला. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. नुसत्या पोटाच्या कसरतीने पोटाचीच चरबी उतरत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा. मांड्यांत जोर येईल. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी चालायला जाऊ नका. बायकांनी दोघी-तिघींनी मिळून निघावं, म्हणजे गल्लीतल्या नजरांचाही त्रास कमी.

तिशी ओलांडली असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.

त्या ताईंची गोळी चालू आहे. चार महिन्यांत वजन किलोभरच उतरलं, कंबर मात्र 81 वर आली. चहा अजून पाच कपच घेतात, पण एकेका चमच्याचा.