एकाच लहरीवरचे परके

घरातले दिवे लांबून चालू-बंद करण्याचा पहिला गाजलेला प्रयोग हवेतून नव्हे, विजेच्या तारेतून झाला. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेस गावच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने 1975 साली ‘एक्स-10’ तयार केले. भिंतीत आधीच असलेल्या वायरिंगमधून हुकूम सोडायचा, म्हणजे फोडाफोड नको. कल्पना झकास होती, पण सुरुवातीच्या उपकरणांना हुकूम पोचल्याची पोच देता येत नसे. घरात एखादी मोटर सुरू झाली की गोंगाटात हुकूम हरवायचा. कधी शेजाऱ्याने बटण दाबावे आणि दिवा आपल्याकडे लागावा, असेही होई.

मग वायरलेसकडे वळणे साहजिक होते. 1999 पासून वाय-फाय हाताशी होते, पण ते विजेला खादाड. दारावर चिकटवलेला सेन्सर बटणाएवढ्या सेलवर वर्ष-दोन वर्षे चालायचा, तर त्याचा रेडिओ बहुतेक वेळ झोपलेलाच हवा. हे गणित 2003 साली ‘802.15.4’ या मानकाने सोडवले. 2.4 गिगाहर्ट्झवर सोळा चॅनेल, वेग सेकंदाला जेमतेम 250 किलोबिट. चित्रपट पाहायला निरुपयोगी, ‘दार उघडले’ एवढे सांगायला भरपूर. त्यावर झिगबी उभे राहिले. त्याचा पहिला आराखडा डिसेंबर 2004 मध्ये मंजूर झाला. विजेवर चालणारा प्रत्येक बल्ब आलेला निरोप पुढच्या बल्बला देतो आणि निरोप खोल्या ओलांडत जातो. या जाळीला मेश म्हणतात. आपल्याकडे निजताना भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय आहे. तो बंद केला की नुसता दिवा जात नाही, जाळीचा एक सांधाही निखळतो.

डेन्मार्कच्या झेनसिसने याच सुमारास झी-वेव्ह आणले. वाय-फायच्या गर्दीपासून दूर, एक गिगाहर्ट्झच्या खाली: युरोपात 868, अमेरिकेत 908, भारतात 865 मेगाहर्ट्झच्या आसपास. भिंतीतून ते चांगले जाते, पण देश बदलला की लहर बदलते. अमेरिकेतल्या मुलाने हौसेने आणलेले झी-वेव्हचे कुलूप पुण्यातल्या हबशी, म्हणजे घरातल्या उपकरणांना जोडणाऱ्या डबीशी, जुळत नाही. वर त्याची 908 ही लहर इथे मोबाइलच्या पट्ट्यात येते.

थोडक्यात, 2004 पर्यंत लहरींचा प्रश्न बऱ्यापैकी मिटला होता. तरी पुढची अठरा वर्षे घरातली उपकरणे एकमेकांशी बोलेनात. माझ्या मते याचा दोष अभियांत्रिकीकडे फारसा जात नाही. रेडिओ एक असला, तरी ‘दिवा मंद कर’ हे कोणत्या शब्दांत सांगायचे, ते प्रत्येकाने आपापले ठरवले. खुद्द झिगबीतही घरासाठी एक बोली आणि दिव्यांसाठी दुसरी. फिलिप्सचे ह्यू बल्ब 2012 मध्ये आले ते स्वतःचा गोल ब्रिज, म्हणजे बल्ब आणि राउटर यांना जोडणारी डबी, घेऊनच. दुसऱ्या कंपनीचा सेन्सर घेतला की दुसरा ब्रिज आणि दुसरे अ‍ॅप. ग्राहक आपल्या कुंपणात राहावा, हे सगळ्यांनाच सोयीचे होते.

2014 साली तर झुंबडच उडाली. जानेवारीत गूगलने थर्मोस्टॅट बनवणारी नेस्ट ही कंपनी 3.2 अब्ज डॉलरला घेतली, जूनमध्ये अ‍ॅपलने होमकिट ही आपली स्मार्ट घराची प्रणाली जाहीर केली, जुलैमध्ये नेस्ट, सॅमसंग वगैरेंनी थ्रेड या नव्या जाळीची घोषणा केली, नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनचा इको हा बोलणारा स्पीकर आला. थ्रेडचा रेडिओ झिगबीचाच, तोच 802.15.4, पण त्यात प्रत्येक बल्बाला इंटरनेटसारखा आयपी पत्ता मिळतो. बोली कोणती, हे मात्र थ्रेडने मुद्दाम ठरवले नाही.

त्याच वर्षी शांघायच्या एस्प्रेसिफची ईएसपी8266 ही स्वस्त वाय-फाय चिप बाजारात आली. आपल्याकडच्या स्मार्ट घराचा इतिहास खरे तर इथून सुरू होतो. हब नको, ब्रिज नको; घरातला राउटर पुरे. एस्प्रेसिफचे एक कार्यालय पुण्यात आहे, म्हणजे धागा अगदीच परका नाही. पण या स्वस्ताईची किंमत होतीच. अशा चिपवर चालणाऱ्या अनेक बल्बांना अ‍ॅपवरून दिलेला हुकूम दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो. नेट गेले की फोनवरून दिवा लागत नाही.

सर्व्हरच गेला तर काय होते, हे अमेरिकेने पाहिले. नेस्टने विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्हचा सुमारे 300 डॉलरचा हब मे 2016 मध्ये कंपनीने बंद पाडला. हब धडधाकट होता, पण त्याच्या सेवेला टाळे लागले. इन्स्टिऑन या दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल 2022 मध्ये पूर्वसूचनेशिवाय थांबले. पुढे काही ग्राहकांनीच कंपनी विकत घेऊन ते सुरू केले.

दरम्यान डिसेंबर 2019 मध्ये अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल आणि झिगबी अलायन्स एका टेबलाशी बसले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही मंडळी एकदम उदार झाली, असे समजायचे कारण नाही. कुंपणांमुळे ग्राहक खरेदीच टाळत होता. या बैठकीतून ऑक्टोबर 2022 मध्ये मॅटरची पहिली आवृत्ती आली. मॅटर हा नवा रेडिओ नाही, वाय-फाय आणि थ्रेडवर चालणारी सामाईक बोली आहे. क्यूआर कोड स्कॅन करायचा, ब्लूटूथवरून पहिली ओळख करून द्यायची, पुढचे हुकूम घरातल्या घरात फिरतात. एकच बल्ब अ‍ॅपलच्या आणि गूगलच्या अ‍ॅपमध्ये एकाच वेळी दिसू शकतो.

पहिल्या आवृत्तीत दिवे, प्लग, कुलपे, पडदे होते. वॉशिंग मशीन आणि झाडू मारणारा रोबो 2023 च्या आवृत्तीत, कॅमेरे थेट 2025 अखेरीस. थ्रेडची जुनी खोड तर राहिलीच: दोन कंपन्यांचे थ्रेड-राउटर एकाच घरात आपापली वेगळी जाळी विणत बसायचे. एकाने दुसऱ्याला किल्ली कशी द्यायची, याची सर्वमान्य रीत सप्टेंबर 2024 मध्ये थ्रेड 1.4 ने घालून दिली.

जुन्या झिगबी बल्बांना मॅटर थेट कळत नाही. त्यांना दुभाषी लागतो. ह्यूच्या नंतरच्या चौकोनी ब्रिजला 2023 मध्ये अपडेटने ते काम मिळाले. त्यामुळे 2012 चा बल्बही, त्यातला रेडिओ तसाच ठेवून, आज मॅटरच्या घरात नांदतो. फक्त मालकाने मधल्या काळात गोल ब्रिज टाकून चौकोनी विकत घेतलेला असला पाहिजे. गोल ब्रिजची सेवा कंपनीने 2020 मध्येच थांबवली.