लहान गॅस टॉर्चची निवड

मुळा-मुठेच्या काठचे खराडी गाव १९९७ च्या हद्दवाढीत पुणे महानगरपालिकेत आले. तेथील बहुतेक शेतजमिनीवर आता इमारती उभ्या आहेत. तथापि पुढे केसनंद, अष्टापूर या बाजूला अद्याप बागायत आहे, आणि तिकडील शेतकरी हत्यारे व पंपाचे सुटे भाग घेण्यास नगर रस्त्यानेच येतो. या दुकानांतून ब्युटेन गॅसवर चालणाऱ्या लहान टॉर्च हल्ली सर्रास मिळतात. पूर्वी हे काम रॉकेलच्या ब्लो लँपने होत असे. टॉर्च वापरण्यास सोपी खरी. पण तिची निवड पुष्कळदा चुकते, आणि गॅस भरताना तर जिवावर बेतणाऱ्या चुका होतात.

काम कोणते, हे आधी ठरवावे. पाण्यातील पंपाच्या केबलचा जोड बंद करणारी प्लॅस्टिकची नळी उष्णतेने आकसून बसवणे, तारेच्या टोकास थिंबल डाखणे, पितळी फवारणी पंपाच्या गळक्या टाकीस डाख देणे, नांगराचा गंजलेला नट सैल करणे, अशी ही कामे असतात. पहिल्या दोहोंस पेनाएवढी टॉर्च पुरते. टाकीस व नटास ती पुरत नाही.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. दुकानदार ‘तेराशे अंश उष्णता’ असे सांगून माल खपवतो. तो आकडा ज्योतीचा आहे, कामाचा नव्हे. कथील २३२ अंशांना वितळते. कथील-शिशाचा डाख तर त्याहून कमी, १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो. म्हणजे ज्योत कोणतीही असली तरी पुरेशी तप्त असतेच. प्रश्न उष्णतेच्या प्रमाणाचा आहे. तापलेली सुई हंडाभर पाण्यात बुडवली तर पाणी कोमटही होत नाही, तसेच हे आहे. लहान टॉर्चमध्ये दहा ग्रॅम गॅस मावतो असे धरले, तर तो सगळा जळून निघणारी उष्णता, थेंबभरही वाया न जाता, जेमतेम दीड लिटर पाणी उकळू शकेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवेत जाते. पितळी टाकीचा जाड पत्रा तर उष्णता चोहीकडे पसरवतो आणि डाख वितळतच नाही. अशा कामास २२० ग्रॅमच्या आसपास गॅस असलेल्या डब्यावर बसणारे टॉर्चचे तोंड घ्यावे.

कल्हईवाला भांडे तापवून आधी नवसागर फिरवतो व मगच कथील लावतो, हे सर्वांनी पाहिले आहे. नवसागराने पृष्ठभागावरील मळ व गंज निघतो. डाखासही हाच नियम लागू आहे. पृष्ठभाग घासून फ्लक्स लावल्याशिवाय कितीही महाग टॉर्च आणली तरी डाख धरणार नाही. टाकीतील औषध पूर्ण धुऊन काढावे, झाकण उघडे ठेवावे, आणि पेट्रोल किंवा डिझेल असलेल्या भांड्यास ज्योत मुळीच लावू नये.

पीव्हीसी पाइपाचे तोंड रुंदावण्यासाठी टॉर्च घेऊ नये असे आमचे मत आहे. ज्योतीने पाइप एका बाजूस करपतो, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा घातक धूर निघतो आणि जोड कमकुवत होतो. त्यापेक्षा कपलर घेणे बरे.

आता गॅसविषयी. शुद्ध ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळते. त्यामुळे थंडीत त्याचा दाब फार उतरतो. पंचवीस अंशांना टॉर्चमध्ये जो जोर असतो, तो पुणे भागातील जानेवारीच्या पहाटे, पारा दहा अंशांवर असता, सुमारे तिसरा हिस्साच उरतो. ज्योत मिणमिणली म्हणून टॉर्च बिघडली असे समजू नये. डबा थोडा वेळ उन्हात ठेवावा. विस्तवाजवळ मात्र कदापि नेऊ नये. हिवाळ्यात नित्य काम असल्यास आयसोब्युटेन व थोडे प्रोपेन मिसळलेला डबा मिळतो, पण तो टॉर्चला चालतो की नाही हे टॉर्चसोबतच्या पत्रकावर पाहावे.

घरगुती सिलिंडरमधून टॉर्चमध्ये किंवा डब्यात गॅस भरून घेण्याचा मोह मात्र निक्षून टाळावा. सिलिंडरमध्ये ब्युटेनबरोबर प्रोपेनही असते, आणि चाळीस अंशांना प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या सुमारे साडेतीन पट होतो. ब्युटेनसाठी बनवलेली पातळ टाकी उन्हाळ्यात हा दाब सोसत नाही. असे भरणे कायद्यानेही मना आहे. स्वस्त पडणारा गॅस येथे स्वस्त नाही. म्हणून टॉर्च घेतानाच त्याच तोंडाचा डबा त्या दुकानात नेहमी मिळतो का, याची चौकशी करावी. डब्यांची तोंडे निरनिराळी असतात. एका प्रकारात टॉर्च डब्यास भोक पाडून बसते. तो डबा संपेपर्यंत काढता येत नाही. स्वतः बंद होणाऱ्या झडपेचा डबा पसंत करावा.

दुकानात पैसे देण्यापूर्वी टॉर्च दहा वेळा पेटवून पाहावी. दहापैकी दोन-तीनदा चुकली तर ती ठेवून द्यावी. निळा शंकू स्थिर दिसला पाहिजे. डब्यावरील टॉर्च एक मिनिट उभी जाळून मग तिरकी धरावी. पिवळा भडका उडाला तर द्रव गॅस तोंडाशी येतो असे समजावे. नांगराखाली वाकून काम करणाऱ्यास अशी टॉर्च उपयोगाची नाही. जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत आणि सुटे रबरी वॉशर मिळतात का हे विचारावे. पुष्कळदा टॉर्च निकामी होते ती क्षुल्लक किमतीच्या त्या वॉशरपायी.

ब्युटेन हवेच्या सुमारे दुप्पट जड असते. गळती झाल्यास ते विहिरीच्या तळाशी किंवा खड्ड्यातील मोटारीजवळ साचून राहते. म्हणून डबा वर, मोकळ्या हवेतच बसवावा व तपासावा; खाली उतरून बसवू नये. पन्नास अंशांवर तापेल अशा जागी, मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत, डबे ठेवू नयेत, आणि रिकामा डबा चुलीत टाकू नये.