छेदप्रतिमा : न कापता आत पाहण्याचे शास्त्र

नाडी, जिह्वा, स्पर्श व प्रश्न यांच्या आधारे शरीरांतर्गत विकृतीचे अनुमान करणे हा आपल्या चिकित्साव्यवहाराचा पाया आहे. आज बहुतेक रुग्ण सी.टी. अथवा एम.आर.आय.चा अहवाल हाती घेऊनच आपल्याकडे येतात. म्हणून टोमोग्राफी म्हणजे नेमके काय, याचा थोडक्यात परामर्श प्रस्तुत लेखात घेत आहोत.

‘टोमोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ काप किंवा छेद. साध्या क्ष-किरण चित्रात फासळ्या, हृदय व पाठीचा कणा यांच्या छाया एकमेकींवर पडतात. टोमोग्राफीत अनेक कोनांतून मोजमापे घेऊन गणिताने एकेका छेदाचे चित्र उभे केले जाते.

हे गणित औषधालयातील उदाहरणाने समजेल. चार कप्प्यांची चौकोनी पेटी आहे, ती उघडायची नाही. परंतु आडव्या, उभ्या व तिरक्या अशा प्रत्येक दोन कप्प्यांच्या वजनांची बेरीज आपणांस ठाऊक आहे. तेवढ्यावरून प्रत्येक कप्प्यातील चूर्णाचे वजन काढता येते. सी.टी. यंत्र हेच करते; तेथे वजनाच्या जागी किरणांचे शोषण असते. या प्रश्नाची गणिती उकल योहान राडोन यांनी १९१७ साली मांडली होती. गॉडफ्री हौन्सफिल्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. त्यात ८० गुणिले ८०, म्हणजे ६४०० कप्पे होते. हौन्सफिल्ड व अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे तत्त्व केवळ वैद्यकापुरते राहिले नाही. भूकंपलहरी तप्त खडकांतून मंद व थंड खडकांतून वेगाने जातात. जगभरच्या भूकंपमापकांवरील नोंदी जुळवून भूवैज्ञानिक पृथ्वीच्या अंतरंगाचे छेद काढतात. जळून कोळसा झालेली एन-गेदी येथील प्राचीन गुंडाळी न उलगडता वाचली गेली, तिचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधनिर्मितीत सूक्ष्म सी.टी.द्वारे गोळीतील छिद्रे, भेगा व लेपाची जाडी गोळी न फोडता तपासता येते. वटीनिर्मिती करणाऱ्या औषधालयचालकांनी याची नोंद घ्यावी.

आता आपल्या व्यवहाराचा प्रश्न. पक्षाघाताचा रुग्ण अनेकदा प्रथम आपल्याकडेच आणला जातो. रक्तवाहिनी बंद पडली आहे की फुटली आहे, हे केवळ लक्षणांवरून खात्रीने सांगता येत नाही. आणि दोहोंची तातडीची चिकित्सा परस्परविरुद्ध आहे. सी.टी.मध्ये ताजा रक्तस्राव पांढरा दिसतो. रक्तवाहिनी बंद पडलेली असल्यास पहिल्या काही तासांत चित्र जवळजवळ प्राकृत दिसू शकते. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल’ म्हणजे रुग्ण निरोगी, असे समजू नये. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच होतो. तेव्हा अशा रुग्णास बस्ती, नस्य वा अभ्यंगात न गुंतवता त्वरित सी.टी.ची सोय असलेल्या रुग्णालयात धाडावे. लक्षणे सुरू झाल्याची वेळ चिठ्ठीवर लिहावी. स्कॅनपूर्वी अ‍ॅस्पिरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध देऊ नये. औषधालयचालकांनीही नातेवाइकांच्या आग्रहाखातर ते काउंटरवरून देऊ नये.

उलटपक्षी, विनाकारण तपासणीही टाळावी. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट वा त्याहून कमी किरणोत्सर्ग मिळतो, तर पोटाच्या सी.टी.मध्ये तो ८ ते १० च्या घरात असतो. निसर्गतः मिळणारी जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ आहे. एम.आर.आय. व सोनोग्राफीत हा किरणोत्सर्ग नसतो. गर्भवती, बालके व वृक्कविकाराचे रुग्ण यांच्याबाबत विशेष दक्षता घ्यावी. आयोडिनयुक्त द्रव्य टोचून स्कॅन होणार असल्यास मूत्रपिंडाचे विकार, अ‍ॅलर्जी व मेटफॉर्मिनचे सेवन यांची माहिती रेडिओलॉजिस्टला अवश्य कळवावी.

अनुमानाला प्रत्यक्षाची जोड मिळते तेव्हा निदान बळकट होते. यंत्र छेद दाखवते. त्या छेदामागचा रुग्ण ओळखणे हे मात्र वैद्याचेच काम आहे.