वजनकाट्याआधीची पाच मिनिटं

साताऱ्यातल्या एका दवाखान्यात 19 वर्षं मी ईसीजी काढते. छातीवर जेली लावायची, सहा बल्ब बसवायचे, हातापायांना चिमटे लावायचे आणि चौकोनांच्या कागदावर उमटणारी रेघ बघायची.

गेल्या वर्षी एक ट्रकचालक काका आले. तेव्हा आमचा वजनकाटा दारातच असायचा. कुणीतरी आकडा मोठ्यानं वाचला, "एकशे बारा!" बाकावरचे दोघं हसले. काका मान खाली घालून आत येऊन झोपले. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. दोन ठोक्यांमध्ये जेवढे मोठे चौकोन पडतात, त्यांनी 300 ला भागलं की मिनिटाचे ठोके कळतात. काकांचे अडीच चौकोन पडत होते, म्हणजे 120. मध्येच दोन ठोके वेळेआधी येऊन गेले.

"काका, चहा, तंबाखू काही?"

"नाही ताई. बाहेर वजन वाचलं ना, तेव्हापासून धडधडतंय."

मी अंगावर चादर घातली, दार लावलं. दहा मिनिटांनी परत ईसीजीची पट्टी काढली. आता जवळजवळ चार चौकोन, ठोके अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. जास्तीचा ठोका एकही नाही.

निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. ही लवचीकता चांगली. ती मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे टिकते. तो हृदयाला सावकाश चालायला लावतो. भीती, अपमान, हप्त्याची काळजी यांनी त्याची पकड सुटते, अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि हृदय धावतं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे भरल्या गाडीनं खंबाटकी घाट उतरायचा आणि ब्रेक कच्चा!"

अगदी तसंच. लठ्ठपणात ही लवचीकता मुळातच कमी झालेली असते. वाढलेलं इन्सुलिन आणि चरबीतून येणारं लेप्टिन हृदयाला पळवणाऱ्या मज्जातंतूंना सतत डिवचत राहतं. ज्यांचा श्वास रात्री घोरताना अडतो, त्यांच्या हृदयाला झोपेतही उसंत नाही. त्यात हृदयाभोवती चरबी साठते, वरचा डावा कप्पा ताणला जातो आणि तिथून ठोक्यांची लय पार विस्कटण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढतो. त्या कप्प्यात रक्ताची गुठळी झाली आणि मेंदूकडे गेली, तर पक्षाघात. ताण या तयार जमिनीवर पडतो. तोच अपमान सडपातळ माणसाच्या हृदयालाही पळवतो, पण त्याला सावरायला जागा जास्त असते.

अधूनमधून चुकणारा एखादा ठोका बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पण धडधडीसोबत भोवळ आली, छातीत दुखलं, धाप लागली, तर थांबू नये. नाडी बराच वेळ वेडीवाकडी लागली तरीही पट्टी काढून घ्यावी.

यातलं बरंच सुधारता येतं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांनी एट्रियल फिब्रिलेशनच्या 355 जास्त वजनाच्या रुग्णांवर लक्ष ठेवलं आणि 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांनी 10 टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांची लय शाबूत राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. काकांसाठी 10 टक्के म्हणजे अकरा किलो. पण माणसाला दारातच लाजवलं तर तो त्या अकरा किलोंसाठी परत येईल कशाला? मला हे फार लागतं. वजनावरून टोमणे मारणं हा काही उपचार नव्हे. ज्या हृदयाला आधीच सावरायला जागा कमी, त्यावर आपण आणखी एक ताण टाकतो.

मी डॉक्टरांशी बोलले. काटा आता पडद्याआड आहे. आधी पाच मिनिटं बसवायचं, मग ईसीजी, वजन सगळ्यात शेवटी. आकडा कागदावर लिहायचा, वाचायचा नाही. तीन महिन्यांनी काका आले आणि पट्टी झाल्यावर स्वतःच पडदा सारून काट्यावर चढले. 106 भरलं. "लिहा ताई," ते म्हणाले.