मांडवात चाकू निघाला तर...

• नोव्हेंबर २०२५ मध्ये अमरावतीत लग्नाच्या मंचावरच नवरदेवावर चाकूहल्ला झाला. पळणाऱ्या हल्लेखोराचा माग चित्रीकरणाच्या ड्रोनने टिपला.

• कायदा : १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू. खुनासाठी कलम १०३ : फाशी किंवा जन्मठेप. खुनाच्या प्रयत्नासाठी कलम १०९ : दहा वर्षांपर्यंत कैद, इजा झाल्यास जन्मठेपही.

• तक्रार : गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो.

• जखमीसाठी : रुतलेला चाकू उपसू नका, तो हलणार नाही असा कपड्यांचा आधार द्या. चाकू निघालेला असेल, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. पाणी, चहा काहीही पाजू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

• पुरावा : रक्त पुसू नका, चाकूला हात लावू नका. व्हिडिओ पोलिसांना द्या, ग्रुपवर फिरवू नका.

• भरपाई : पीडित कुटुंबाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्यासारख्या गावापासून जिल्ह्याचे ठिकाण लांब, मदत यायला वेळ लागतो. पहिल्या काही मिनिटांत जीव वाचवणे पाहुण्यांच्याच हाती असते. नाचण्यावरून वाद दिसताच वडीलधाऱ्यांनी मध्ये पडावे, डीजे बंद करावा.